न ऐकलेली हाक

एका राज्यात, उंच डोंगरांच्या कुशीत, वज्रधर नावाचा राजा राज्य करीत होता. पलीकडे समुद्रकाठी राजा सागरदत्ताचे राज्य. दोघांत तहनामा नव्हता, रीत होती. इकडचे पहिले मूल तिकडे वाढायचे, तिकडचे इकडे. ज्याच्या ताटात आपले लेकरू जेवते त्याच्यावर तलवार कोण उपसणार? म्हणून वज्रधराची कन्या शैलबाला सागरदत्ताच्या मांडीवर वाढली, त्याला आबा म्हणू लागली. आणि सागरदत्ताचा पुत्र तरंगसेन वज्रधराचे बोट धरून डोंगर चढायला शिकला. वयात आल्यावर दोघे आपापल्या घरी परतली, पण शैलबालेचा अर्धा जीव समुद्राकडेच राहिला.

एके दिवशी वज्रधराला गुहेत सोन्याने भरलेला हंडा सापडला. हंड्याशी एक मांत्रिक बसला होता.

"सोने तुझे," तो म्हणाला. "पण मित्राच्या मदतीला गेलास, की त्याची माती होईल."

राजाने हंडा महाली आणला. लवकरच समुद्रावर शत्रूची गलबते आली आणि सागरदत्ताचे रणशिंग डोंगरांत घुमले. शैलबाला धावत दरबारात आली.

"महाराज, आबा बोलावताहेत."

"वारा आहे तो," राजा म्हणाला आणि त्याने खिडक्या लावून घेतल्या.

समुद्रराज्याने शत्रू परतवला, पण सागरदत्त रणात पडला. शैलबाला रडून रडून अर्धी झाली, आणि बापाशी बोलायची थांबली.

त्या दिवसापासून डोंगरराज्यात मदतीची हाक कुणालाच ऐकू येईना. बाकी सारे ऐकू येई, अगदी उंबरठ्यावरच्या मांजराची पावलेसुद्धा. एक गवळण घरात भाकरी थापत होती, आणि अंगणातल्या विहिरीत तिची लेक हाका मारमारून बुडाली. असे घरोघर होऊ लागले. माणसे एकमेकांना नजरेआड होऊ देईनात.

शैलबाला तटावर बसून आसवे गाळीत होती. एक पांढरा चंडोल शेजारी उतरला.

"राजाने अनवाणी मित्राच्या दारी जावे," तो म्हणाला. "सोने समुद्रात सोडावे. आणि राजाच्या हाकेला त्या मित्राच्याच घरातल्या कुणी ओ द्यावी. पहिली दोन कामे तू करवून घेशील, मुली. तिसरे मागून मिळत नाही."

मग तिने मौन सोडले. बापासमोर उभी राहिली.

"महाराज, आपल्या राज्यात लेकरे बुडताहेत आणि आयांना कळतही नाही. चला, अनवाणी आबांच्या दारी. हे सोने समुद्रात सोडायचे."

राजाने मान खाली घातली आणि हंडा डोक्यावर घेतला. खडकांनी त्याचे पाय फुटले. समुद्रराज्याचे दार बंद होते. त्याने उंबरठ्यावर डोके टेकले आणि तो पाण्यात शिरला. पण हंडा सुटेना! हात सोन्याला चिकटले, आणि सोने त्याला तळाकडे ओढू लागले. तो ओरडला. किनाऱ्यावर शैलबाला बंद दाराकडे पाहत उभी होती. तिला काहीच ऐकू आले नाही.

दार उघडले. शोकाच्या पांढऱ्या वस्त्रांत तरंगसेन धावत आला आणि थेट पाण्यात शिरला. त्याने राजाचे हात धरताच हंडा सुटला आणि बुडाला.

"मी तुझ्या बापाच्या हाकेला आलो नाही," वज्रधर धापा टाकीत म्हणाला. "तू का आलास?"

"तुम्ही हाक मारलीत, काका. आमच्या घरात ओ देतात." तरंगसेनाने तोंड फिरवले. "क्षमा मात्र मागू नका. ती माझ्यापाशी नाही."

शाप सुटला. डोंगरराज्यात हाकेला माणसे धावू लागली. रीत पुन्हा सुरू झाली. पुढे शैलबालेचे पहिले मूल समुद्राकडे गेले, तरंगसेनाचे डोंगरात आले.

पण रोज दिवेलागणीला वज्रधर गडाच्या टोकावर उभा राही आणि सागरदत्ताला हाक मारी. साऱ्या राज्याला ती ऐकू जाई. माणसे दाराशी येत आणि तिथेच थबकत. शैलबालाही येई. आबांच्या वतीने ओ द्यावी म्हणून ती तोंड उघडी, पण तिला आवाजच फुटत नसे.