हाडाचा शेतकरी

हंबीरनाना घोगऱ्यांच्या एकसष्टीला त्यांचं चरित्र सांगायला गावात माणूस मिळेना! चरित्र काय लहान होतं? वांग्याचा हारा डोक्यावर घेऊन बाजाराला जाणारा गडी सरपंच झाला, पुढं पंचायत समितीचा सभापती झाला, आणि वाटेत पाच पक्ष हिंडून आला. आदल्या दिवशी भाषणाच्या तालमीत हेडमास्तरांनी पाचही पक्ष मोजून दाखवले, तर नानांनी त्यांना खुर्च्या मांडायला पिटाळलं. ग्रामसेवकानं पाचही गाळले, तर ऐकणारी माणसं इतकी हसली की बिचाऱ्याला पुढचं वाक्यच सुचेना.

पंचायतीत रोजंदारीवर चहा करणारी हौसाक्काही पदराआड हसली. नानांनी नेमकं तेवढंच पाहिलं.

"हसतेस काय? उद्या तूच बोल. खोटं बोलायचं नाही, एकही पक्ष गाळायचा नाही, आणि माझी मान खाली जाता कामा नये. चुकलीस तर सोमवारपासून कामावर येऊ नकोस."

तिच्या रोजावर घर चालत होतं. तरी ती म्हणाली, "एवढंच होय, नाना? मला वाटलं काहीतरी अवघड सांगताय."

दुसऱ्या दिवशी मांडव गच्च भरला. हौसाक्कानं माईक धरला.

"मंडळी, लोक म्हणतात, नानांनी शेती सोडली. साफ खोटं! एकाच रानात सारखं एकच पीक घेतलं तर रानाचा कस जातो, हे आपण जाणतो. म्हणून नानांनी फेरपालट केली. आधी बैलगाडीच्या निशाणीचं पीक घेतलं, मग छत्रीचं, मग कपबशीचं, मग शिट्टीचं, आणि औंदा शिडीचं. रान मात्र एकच, खुर्चीचं. एक हंगाम पडीक ठेवलं नाही."

मागून कुणीतरी ओरडलं, "मग एवढा माल गेला कुठं?"

"ज्याचं रान, त्याच्याच घरात जाणार की! शेजाऱ्याच्या कणगीत कधी गेलाय होय?"

सगळे नानांच्या तोंडाकडं बघू लागले. नाना आधी लाल झाले, मग पोट धरून जे हसत सुटले ते फेटा सुटेपर्यंत!

"हिला कायम करा रे! आणखी काय पाहिजे, हौसा?"

"काही नको, नाना. फक्त कागदावर सही आत्ताच करा. पेरणी जवळ आलीय, तुम्ही परत बियाणं बदलाल."