तेरावं नाव

"बारा जागा आणि तेरा नावं. एक खोडलं. यात माझं काय चुकलं, मॅडम?"

विनीत टेकाडेच्या आवाजात राग होता. यंदाच तो एका व्यावसायिक बास्केटबॉल संघाचा कोच झाला होता.

लोखंडे मॅडम कोर्टाच्या पायरीवर बसल्या होत्या. भुसावळच्या याच कोर्टावर त्यांनी विनीतला चेंडू धरायला शिकवलं होतं.

"कुणाचं खोडलंस?"

"हर्षल गेडामचं. वय तेहेतीस. गुडघा कामातून गेलाय. आकडे बघा, निर्णय बरोबरच आहे. पण तेव्हापासून संघातलं कुणी माझ्याशी बोलत नाही."

"हर्षलला कसं सांगितलंस?"

"मेसेज केला. करार संपला, शुभेच्छा."

मॅडम उठल्या. कोर्टाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"मी हर्षल. सांग."

विनीत हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"हर्षल... तू संघात नाहीस."

"का?"

"डिफेन्सला मागे पडतोस."

"खरं आहे. अकरा वर्षं मी सकाळी सहाला सरावाला जातोय. उद्या कुठे जाऊ, सर?"

विनीतने बुटाची सुटलेली नाडी बांधली. मॅडम तशाच उभ्या होत्या. शेवटी तोच मान खाली घालून निघाला.

त्याच दुपारी हर्षलच्या घरी जायला त्याने अमरावतीची गाडी धरली.

हर्षलने दार उघडलं, पण आत ये म्हणाला नाही. विनीतने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. गुडघ्याचंही.

"हे तेव्हाच तोंडावर सांगायचं होतं, सर. दोन शिव्या दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो."

"आता दे."

हर्षलने दिल्या. मग चहा टाकला.

चहा पिताना विनीत म्हणाला, "आपल्या दुसऱ्या फळीच्या संघातली पोरं उंच आहेत, पळतातही, पण पास कधी सोडायचा ते कळत नाही. सहा महिन्यांचा करार आहे. पैसे निम्मे. येशील?"

हर्षलने दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो त्या पोरांच्या कोर्टावर हजर होता.

जानेवारीत मुख्य संघात गार्ड म्हणून खेळणाऱ्या एकाचा घोटा मुरगळला. विनीतने स्वतः फोन केला.

"हर्षल, बॅग भर. दहा दिवसांचा करार."

पलीकडून हुंदका ऐकू आला.

विनीत पुन्हा भुसावळला गेला.

"तो परत आलाय, मॅडम. म्हणजे तेव्हा त्याला काढलं ते चुकलंच ना?"

"नाही."

"मग आता घेतलं ते?"

"तेही नाही."

विनीत घुटमळला. "गुडघा अजून तसाच आहे. दहा दिवसांनी पुन्हा त्याला नाही म्हणावं लागलं तर...?"

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं.

"लागलं तर तोंडावर सांग. आत्ता दहा दिवस आहेत ना? खेळव त्याला."