पहिल्या ठोक्याची नाणी

फार फार वर्षांमागे, राजे अजून प्रजेच्या दारात उभे राहून बोलत, तेव्हाची ही गोष्ट.

एका राजधानीत एक तांबट राहायचा. त्याने घासलेल्या घंगाळात बघून बायका कुंकू लावत, असा त्याचा हात! आणि गडी ते पक्कं जाणून होता बरं का. पण भांड्यांपेक्षा त्याचा जीव जडला होता नाण्यांवर.

टांकसाळीत नवा ठसा कोरला की त्याखालची पहिली दोन चांदीची नाणी बाजारात जात नसत. त्यांची पार्श्वभूमी आरशासारखी लखलखीत आणि तिच्यावर उठलेला राजाचा चेहरा पांढराशुभ्र, तांदळाची पिठी भुरभुरावी तसा. चार ठोके पडले की ठसा आतून गुळगुळीत होई आणि पुढच्या नाण्यांवर पिठी उमटत नसे. पहिल्या दोनांतलं एक नाणं खजिन्यात जाई. दुसरं तांबट मागून घेई. टांकसाळीची भांडी तो तीस वर्षं दुरुस्त करत होता, पण मजुरी म्हणून त्याला एवढंच हवं असे.

अशी एकवीस नाणी जमली. सणासुदीला तो ती मऊ कापडावर मांडी आणि छाती फुगवून म्हणे, "बघा, बघा! पण हात लावाल तर खबरदार."

पुढे परचक्र आलं. शत्रूने खजिना लुटला, चांदी वितळवली. ठसे कोरणारा म्हातारा कारागीर त्या धामधुमीत वारला. शत्रू परतल्यावर नवा राजा गादीवर बसला आणि त्या कारागिराची लेक नवा ठसा कोरू लागली. पण काही केल्या पिठी उठेना. बाप ती विद्या शिकवायच्या आधीच गेला होता.

राजाने निरोप धाडला, "तांबटदादा, तुमची नाणी उद्या दरबारात आणा. ती पाहूनच आमच्या कारागिराची पोर शिकेल. राज्यात आता तेवढीच उरली आहेत."

तांबटाला आभाळ ठेंगणं झालं! तो आळीभर सांगत सुटला. तेव्हा शेजारी म्हणाला, "नाणी झकास आहेत हो, पण राजाचा चेहरा असा फिका का? तोही तुमच्यासारख्या चकाकी आणणाऱ्याच्या घरी?"

झालं! तांबटाने चिंचेचा कोळ घेतला, चाळलेली राख घेतली.

बायको म्हणाली, "अहो, राहू द्या ना. तीस वर्षं नाही घासली, मग आजच काय अडलंय?"

"तू गप्प बस. राजाला माझ्या हातचं तेज दिसायला नको?"

त्याने एकवीसच्या एकवीस नाणी घासली.

दरबारात कापड उलगडलं आणि सगळ्यांचे डोळे दिपले. "वाहवा!" सरदार म्हणाले. कारागिराच्या लेकीने एक नाणं कडेला धरून उजेडात फिरवलं. मग दुसरं. मग तिसरं.

"काका," ती हळूच म्हणाली, "यांच्यावर पिठी होती ना?"

आपण काय घालवलं ते तांबटाला तेव्हा कुठे कळलं. 'नव्हतीच' म्हणाला असता तर कोण खोटं पाडणार होतं? पण पोरीचा चेहरा पाहून त्याला राहवलं नाही.

"होती, पोरी. मीच घासून टाकली. मला माझ्या हाताचा माज होता."

राजाने एक घासलेलं नाणं उचलून पाहिलं. मग म्हणाला, "नाणी गेली. पण ती तीस वर्षं पाहणारे डोळे तर आहेत?"

दुसऱ्या दिवसापासून तांबट टांकसाळीत बसू लागला. पोर ठशाचा खोलगट भाग कधी वाळूने, कधी सुईने खरबरीत करी. तो प्रत्येक नाणं पाही आणि मान हलवी. "नाही. हा चुना झाला." "नाही. गालावर चमक राहिली." नाणं पुन्हा मुशीत जाई. असं वर्षभर चाललं. पोर कधी रडली, कधी त्याच्यावर चिडली, पण दोघांनी हार मानली नाही.

एका दुपारी त्याने नाणं उचललं आणि उजेडात फिरवलं. "हेच! पोरी, बापाच्या वरताण केलंस!"

राजाने ठशाच्या कडेला त्या पोरीचं नाव कोरायला लावलं. त्या दिवशी तांबट पूर्वी कधी नव्हता इतक्या ताठ मानेने आळीतून चालला. "कोणी केलं हे?" लोक विचारत. "आमच्या पोरीने! मी नुसता 'नाही, नाही' म्हणत होतो."

त्या एकवीस नाण्यांची पिठी मात्र कोणालाच परत आणता आली नाही.

म्हणून लहानथोरहो, एवढं ध्यानात धरा: हातात कसब असणं मोठं खरं, पण ते कुठे चालवू नये हे कळणं त्याहून मोठं.