डाव्या चाकावरची पांढरी रेघ

एकदा एक शिष्या होती आणि तिला सलग दोन रात्री झोप नव्हती, कारण आपल्या गाडीच्या चाकांशी कोणीतरी काहीतरी केलं आहे अशी तिची खात्री पटली होती. दृष्टांतातल्या माणसांना नावं नसतात, त्या आडोशाला मीही लपून राहिले असते. पण ही शिष्या किती शहाणी होती ते पुढे दिसणारच आहे, तेव्हा आधीच कबूल केलेलं बरं. ती मी.

गाडी सासऱ्यांची, छोटी, चौदा वर्षांची. नवरा बदलीच्या गावी असतो. जुईची शाळा गावाबाहेर टेकडीवर, अकरा किलोमीटर, आणि त्यातली शेवटची दोन चढाची, वळणावळणाची. रोज सकाळी मी पुढे आणि सहा वर्षांची जुई मागे. ही गाडी धड राहावी एवढीच माझी ईश्वराकडे मागणी होती, पण ईश्वर गॅरेज चालवत नाही. जे चालवतात त्यांच्यावर माझा विश्वास नव्हता. मागच्या सर्व्हिसिंगला गाडी देताना मी बॅटरीच्या खालच्या कोपऱ्यावर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवला होता, बदलली तर कळावी म्हणून. गाडी परत आली तेव्हा ठिपका जागच्या जागी होता. मला वाटलं, त्यांनी ठिपकासुद्धा हुबेहूब काढला.

शेवटी गाडीची देखभाल आपणच शिकायची असं ठरवलं. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर शामरावअण्णा राहतात. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले, आता पंच्याहत्तरीच्या पुढचे. मी विचारल्यावर त्यांनी एकच अट घातली. म्हणाले, "हात तुझे, डोळे माझे." दर रविवारी ते पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसायचे आणि मी गाडीत डोकं खुपसायची. एअर फिल्टर काढून झटकायचा, कूलंटची पातळी बघायची, वायपरची रबरं बदलायची, पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या काचा टूथपेस्टने घासायच्या. दोन महिन्यांत माझ्या नखांतलं काळं जाईना आणि मला त्याचा थोडा गर्वही झाला.

गाडीला नटवण्याचा उद्योग मात्र माझा स्वतःचा. नवी तपकिरी सीटकव्हरं घातली. मागची जुई सतत दिसावी म्हणून समोरच्या काचेला एक जादा छोटा आरसा चिकटवला. चाकांना चार चकचकीत व्हील कॅप मागवून बसवल्या. आरसा बघून अण्णा एवढंच म्हणाले की मागे बघायला गाडीत तीन आरसे होतेच, हा चौथा झाला. मी हसले, पण ते वाक्य मनात राहिलं. आणि त्याच्या शेजारी दुसरंही एक राहिलं होतं: हा माणूस मला हे सगळं कशासाठी शिकवतो आहे? मनाची अशी घडण असली की उपकारालाही पुरावा लागतो.

त्या रविवारी पुढची चाकं मागे आणि मागची पुढे घालायचा धडा होता. टायर सारखे झिजावेत म्हणून तसं करतात. तीन चाकं व्यवस्थित झाली. चौथं, पुढचं डावं, बसवत होते आणि जुई सायकल घेऊन पार्किंगच्या पार टोकाला, गेटपाशी गेली. मी तिला हाका मारत मारत नट आवळले. चाक जमिनीला टेकल्यावर पुन्हा एकदा आवळलंस ना, असं अण्णांनी विचारलं. मी हो म्हणाले. व्हील कॅप ठोकून बसवल्या आणि वर आले.

संध्याकाळी गॅलरीतून सहज खाली पाहिलं, तर अण्णा वर्तमानपत्र पसरून आमच्या गाडीच्या चाकापाशी बसले होते. हातात इवलीशी बाटली आणि ब्रश. शेजारी जुई. थोड्या वेळाने ती वर आली आणि अण्णांनी काहीतरी सांगायला सांगितलंय म्हणून बोलू लागली. त्याच क्षणी मी मोबाइलवर सोसायटीच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज वाचत होते. त्यात लिहिलं होतं की गाड्या चोरणारी टोळी आधी गाड्यांवर पांढऱ्या खुणा करून जाते. मी जुईला "हं" म्हणाले. मग पुन्हा एकदा "हं" म्हणाले.

सोमवारी सकाळी खाली गेले तर चारही व्हील कॅप गायब. उघड्या पडलेल्या प्रत्येक नटावरून चाकाच्या पत्र्यावर उतरलेली एकेक पांढरी रेघ. चार चाकं, सोळा नट, सोळा रेघा.

मी पर्समधलं नेलपॉलिश रिमूव्हर काढलं आणि सोळाच्या सोळा पुसल्या. मंगळवारी सकाळी रेघा पुन्हा होत्या. पुन्हा पुसल्या. ज्या माणसाने दोन महिने शिकवलं त्याला सरळ विचारावं असं एकदा मनात आलं होतं, पण चोराला विचारून तो कधी सांगतो का, असं मीच मला समजावलं. मधल्या वेळेत अण्णा जिन्यात दिसले. गाडी रोज धुतेस का, म्हणाले. मी म्हटलं, हो, फार धूळ होते. आम्ही दोघंही एकमेकांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिलो.

बुधवारी रेघा तिसऱ्यांदा आल्या. या वेळी मी पुसल्या नाहीत. पुरावा म्हणून चारही चाकांचे जवळून फोटो काढले, जुईला शाळेत सोडलं, आणलं, आणि संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी मोडककाकांना घेऊन पार्किंगमध्ये उतरले. मोडककाकांनी तक्रारींची वही बरोबर घेतली होती. अण्णा तिथेच होते, बाटली घेऊन, वर्तमानपत्रावर.

मोडककाका घसा साफ करून म्हणाले, "अण्णा, तसं काही नाही. वहिनींना जरा शंका आहे."

"कुठल्या नटाची?" अण्णांनी विचारलं.

मोडककाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइल पुढे केला आणि आवाज शक्य तितका कडक ठेवून म्हणाले, "हे फोटो आहेत माझ्याकडे. सकाळचे. व्हील कॅप कुठे आहेत, आणि या खुणा कशासाठी, ते सांगा."

अण्णा रागावतील, नाहीतर गडबडतील, अशी माझी तयारी होती. त्यांचा चेहरा मात्र उजळला. हात पुसून त्यांनी मोबाइल घेतला, चष्मा कपाळावर सारला आणि पुढच्या डाव्या चाकाचा फोटो मोठा केला. मग मला खाली बसायची खूण केली. बसले. फोटोत चारही रेघा नटावरून पत्र्यावर सलग उतरलेल्या होत्या. समोरच्या चाकावर तीन तशाच होत्या. चौथी तुटली होती. नटावरची रेघ एकीकडे, पत्र्यावरची दुसरीकडे, मध्ये भाताच्या शिताएवढं अंतर.

मला कळायला दोन क्षण लागले. नट फिरला होता. सकाळपासून आत्तापर्यंत. त्याच चाकावर मी जुईला घेऊन टेकडी चढले होते आणि उतरले होते.

"चाक हवेत असताना आवळलं की नट पुरता बसत नाही," अण्णा म्हणाले. "टेकवून पुन्हा आवळावा लागतो. तू हो म्हणालीस, पण हो म्हणताना तू गाडीकडे बघत नव्हतीस, पोरीकडे बघत होतीस. मी संध्याकाळी पाना लावून पाहिला, घट्ट होते. पण बसलेत की नाही ते चाललं म्हणजेच कळतं. वर्कशॉपात आम्ही रेघ ओढायचो. ड्रायव्हर सकाळी गाडीभोवती एक फेरी मारायचा. रेघ जुळलेली, तर निघाला."

आणि व्हील कॅप? त्या घातल्या तर नट दिसत नाहीत, म्हणून पहिले पाचशे किलोमीटर होईपर्यंत त्यांनी आपल्या पलंगाखाली ठेवल्या होत्या. तसा निरोप त्यांनी त्याच संध्याकाळी जुईबरोबर पाठवला होता, रेघांचाही.

जुई तिथेच सायकलवर टेकून उभी होती. "मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "तू दोनदा हं म्हणालीस."

मोडककाकांनी वही मिटली आणि पंपाची मोटर बघायची राहिली आहे असं काहीसं म्हणत निघून गेले. मी पाना आणला. तो नट आवळला, मग समोरासमोरचे आवळले, मग पुन्हा तोच. आता मी रोज सकाळी सगळे नट एकदा आवळूनच निघेन, असं मी अण्णांना सांगितलं. माफी मागायची ही माझी पद्धत असावी.

त्यावर अण्णा जे बोलले, तेवढ्यासाठी ही गोष्ट सांगितली.

"रोज पाना लावू नकोस, पोरी. शंका आली की आवळ, पुन्हा आली की पुन्हा आवळ, असं केलंस तर आतले आटे झिजतात, आणि एक दिवस धरायला काही उरतच नाही. गाडी ढिलाईने जशी जाते, तशी अती आवळण्यानेही जाते. शंका वाईट नाही. चौतीस वर्षं मी शंकेचाच पगार घेतला. पण तिला बसायला एक जागा द्यावी, रेघेएवढी. सकाळी एकदा जाऊन तिला विचारावं. रेघ जुळलेली असेल तर हात लावायचा नाही, मुकाट्याने गाडीत बसायचं. तुटलेली असेल तर मात्र तिचं ऐकायचं, मग कितीही घाई असो."

मी विचारलं, तुमच्यावर संशय घेतला याचा राग नाही का आला?

"संशय घ्यायलाच तर शिकवत होतो," ते म्हणाले. "तू माणसावर घेतलास. मी म्हणतो नटावर घे." मग त्यांनी ती इवलीशी बाटली माझ्या हातात ठेवली. आता हातही माझे आणि डोळेही माझेच, असा त्याचा अर्थ मी घेतला. नव्या रेघा मी ओढल्या, जरा वाकड्या आल्या. गाडीच्या मागच्या दाराच्या खणात बाटली ठेवली आणि त्या रात्री झोपले.

गुरुवारी सकाळी वाकून गाडीभोवती एक फेरी मारली. सोळाही रेघा जुळलेल्या होत्या. पाना डिकीतच राहू दिला. जुईला मागे बसवलं, पट्टा लावला, पट्टा नीट लागलाय का ते विचारलं, डबा घेतलास का विचारलं, पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट आहे का विचारलं, पुन्हा पट्ट्याचं विचारलं. मग मी गेटपाशी उतरून दूधवाल्याला उद्याचं सांगून आले, तेवढाच काय तो मिनिटभर उशीर. निघालो. चढाला लागल्यावर सवयीने माझी नजर त्या चौथ्या आरशाकडे गेली. एकदा, दोनदा, वळण घेऊन तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा दिसलं की जुईच्या हातात ती इवलीशी बाटली आहे, झाकण उघडं आहे आणि ब्रश पांढरा झाला आहे. माझ्या नव्या तपकिरी सीटकव्हरचा विचार आधी आला, हेही इथे लिहून टाकते. मी विचारलं, जुई, काय केलंस?

ती म्हणाली, "पट्ट्यावरून सीटवर रेघ ओढलीय. जुळलेली असली म्हणजे मी आहे. शाळा आली की एकदाच बघ. आता तू पुढे बघ."