ॲलरकोमची तीन दगडांची चूल

ही आख्यायिका मला प्रथम कोणी सांगितली, ते आता नीट आठवत नाही. टोपल्या वीस होत्या की चाळीस, हेही छातीठोकपणे सांगवत नाही. पण इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या या ॲलरकोम गावच्या चौकात हे तीन काळे दगड आहेत, एवढं तुम्हीही पाहताच आहात.

पूर्वी इथे ज्याची स्वतंत्र चूल, त्यालाच पार्लमेंटच्या निवडणुकीत मत, असा कायदा होता म्हणे. मतही चौकात, सर्वांदेखत, मोठ्याने नाव घेऊन द्यायचं. गावातली घरं जमीनदाराच्या मालकीची; त्याच्या विरोधातलं नाव घेणाऱ्याचं छप्पर जायचं, म्हणून नव्वद वर्षं जमीनदाराचाच माणूस निवडून येत होता.

जोनास टकेट वाळुंजाच्या काड्यांच्या टोपल्या विणायचा. जन्मभर त्याने जमीनदाराचंच नाव घेतलं होतं आणि ते त्याला घासातल्या खड्यासारखं लागत होतं. ‘एकदा तरी मनातलं नाव घेईन,’ असा शब्द त्याने मरत्या बायकोला दिला होता, असं सांगतात. जमीनदाराच्या कारभाऱ्याला याची कुणकुण लागली. मतदानाच्या आदल्या आठवड्यात जोनासचं घर पाडलं गेलं.

मतदानाच्या दिवशी जोनासने चौकात तीन दगड मांडले आणि हंडी चढवली.

“घर कुठाय तुझं?” कारभाऱ्याने विचारलं.

“तुम्हीच पाडलंत, साहेब. मला काय विचारता? कायद्यात चूल आहे, छप्पर नाही.”

निवडणूक अधिकाऱ्याने कायद्याचं पुस्तक चाळलं. “पाणी उकळेल ती चूल. चारला मतदान संपतं; त्याच्या आत उकळलं, तर मत घेईन,” तो म्हणाला.

कारभाऱ्याच्या धाकाने जोनासला कोणी लाकडाची ढलपीही दिली नाही. मग त्याने बाजारासाठी विणलेल्या टोपल्याच चुलीत घातल्या. वाळुंज भडकन पेटतो, पण आच धरत नाही. एकामागून एक टोपली गेली.

“अरे जोनास, बटाटे तरी टाक त्यात!” पाववाली मार्था ओरडली. “मत नाही शिजलं, तर जेवण तरी होईल!”

सगळे हसले. पुढे मात्र कोणी आलं नाही.

चारचे टोले पडू लागले तेव्हा शेवटची टोपली जळत होती. तेवढ्यात हंडीत बुडबुडे उठले, जोनासने खणखणीत आवाजात नाव घेतलं आणि ते लिहिलं गेलं, असं गाव सांगतं.

आजही मतदानाला जाणारा प्रत्येक जण इथे एक सुकी काटकी ठेवतो. मत गुप्त झालं तरी निवडून यायचा तोच येतो, अशी कुरकुर करतो, पण ठेवतो.

पुढे बऱ्याच वर्षांनी जिल्ह्याच्या दप्तरखान्यात त्या दिवसाची वही मला पाहायला मिळाली. जोनासचं नाव तिच्यात आहे. त्याने घेतलेलं नाव नाही. तिथे एवढंच लिहिलं आहे : पाणी कोमट.