लाल वाद्यांची गाडी

तिचं कुणी खरं मानलं नाही. एकानेही नाही. हे आधी सांगून टाकते, मग गोष्ट सांगते.

काळ फार जुना. डोंगरातल्या एका राज्यात सकवार नावाची कुंभारीण होती. तिची मडकी वाजवली की घंटेसारखी वाजायची. दर पुनवेला ती राज्याच्या थोरल्या गाडीत मडकी भरायची आणि घाट उतरून बाजाराला जायची.

ती गाडी साधी नव्हती. वरची पेटी चाकांवर टेकलेली नव्हती, जाड कातड्याच्या चार वाद्यांवर, म्हणजे पट्ट्यांवर, टांगलेली होती. दगड आला की चाक उडायचं आणि धक्का वाद्या गिळायच्या. वर बसलेल्या माणसाला डुलकी लागायची.

मध्ये सकवारीची सासू अंथरुणाला खिळली. तीन वर्षं सकवार घर सोडून कुठे गेली नाही. सासू गेली, आणि सकवार पुन्हा मडकी घेऊन गाडीत बसली. पहिल्याच दगडाला तिचे दात दातांवर आपटले. बाजारात पोचेपर्यंत निम्मी मडकी फुटली.

त्या राज्याची एक रीत होती. माल फुटून आला की दोष कुणाचा ते ठरवायचं आणि वेशीवर ढोल वाजवून त्याचं नाव पुकारायचं. पुकारायचं गाडीवानाने, कारण माल त्याच्या हातून आलेला. एकाच माणसाचं नाव चारदा पुकारलं गेलं, की त्याचा धंदा बंद. कुंभाराचं असेल तर त्याचं चाक नदीत.

गाडीवानाने ढोल वाजवला. “दोष सकवारीचा! मडकी कच्ची!”

“मडकी कच्ची नाहीत, दादा,” सकवार म्हणाली. “तुझ्या वाद्या गेल्यात.”

गाडीवान हसला. “वाद्या? अगं बाई, डोळे आहेत का बटणं? बघ कशा लालभडक आहेत! दर दसऱ्याला मी स्वतः लाखेचा रंग चढवतो. हार घालतो. पूजा करतो. आणि वीस वर्षं मी या गाडीवर बसतोय. मला कळत नाही, नि तुला कळतं?”

“वीस वर्षं बसतोयस म्हणूनच कळत नाही. धक्का रोज गहूभर वाढला, आणि तुझ्या कमरेने तो मुकाट घेतला. मी तीन वर्षांनी बसले, मला एकदम लागला.”

लोक म्हणाले, बाई स्वतःचं झाकतेय. तरी प्रधानाने बैल बदलले. मडकी फुटली. दुसऱ्यांदा नाव पुकारलं. मग घाटात वाळू टाकली. मडकी फुटली. तिसऱ्यांदा पुकारलं. गाडीखाली वाकून मात्र कुणी बघितलं नाही. वाकायला कमरा दुखत होत्या ना सगळ्यांच्या! का दुखत होत्या, तेही कुणाच्या डोक्यात आलं नाही.

चौथ्या पुनवेआधी सकवार राणीपुढे उभी राहिली. “राणीसाहेब, उद्या माझं चाक नदीत जाईल. जाऊ दे. पण आधी तुम्ही माझ्या जागी बसा. मांडीवर ताकाचं भांडं घेऊन.”

दरबार खुदखुदला. राणी म्हातारी होती, पण चौकस होती. ती बसली.

पहिल्या ओढ्यापर्यंत भांड्यात ताक उरलं नव्हतं. सगळं लुगड्यावर.

“रस्ता वाईट आहे, राणीसाहेब,” गाडीवान म्हणाला.

“रस्ता माझ्या लग्नातही हाच होता,” राणी म्हणाली. “मोच्याला बोलवा.”

मोची गाडीखाली शिरला आणि आरीच्या मुठीने त्याने वादीवर मारलं. टक् टक् आवाज आला, लाकडासारखा.

“कातडं बोलत नसतं,” तो खालूनच म्हणाला. “बोललं, म्हणजे मेलं. वीस थर लाख बसलीय वर. तेल प्यायला जागाच ठेवली नाही. लाकूड झालंय याचं.”

“मग दोन बदल,” प्रधान म्हणाला.

“चारही. दोन जित्या, दोन मेलेल्या, तर गाडी लंगडेल आणि जित्याही मरतील.”

चार नव्या वाद्या आल्या. तेल प्यालेल्या, रंग नसलेल्या, दिसायला अगदी ओबडधोबड. पुनवेला तोच घाट, तेच दगड, सकवारीची तीच मडकी. राणी पुन्हा ताक घेऊन बसली. बाजारापर्यंत दोन थेंब सांडले. मडकं एकही फुटलं नाही. धक्काच लागेना, म्हणून गाडीवानाने वाटेत दोनदा मागे वळून बघितलं, पेटी निखळून पडली की काय!

वेशीवर राणी म्हणाली, “तीन वेळा खोटं नाव पुकारलं गेलंय. आता खरं पुकार.”

गाडीवानाने ढोल गळ्यात घातला. बैलांकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. सकवारीकडे बघवेना.

“पुकार की, दादा,” ती म्हणाली. “माझ्या नावाला तर घसा चांगला मोकळा होता.”

पुढे तो दर दसऱ्याला आधी गाडीखाली शिरायचा, वाद्या अंगठ्याने दाबून बघायचा आणि मगच हार घालायचा. सकवारीचं चाक तिच्या अंगणातच फिरत राहिलं.

बाळांनो आणि बाळांच्या आईबापांनो, गोष्टीचा बोध एवढाच: झिजलेल्या वस्तूला रंग लावू नका, ती बदला; आणि ज्याला धक्का लागतो त्याचं आधी ऐका.

त्या दिवशी वेशीवर ढोल तीनदा वाजला. गाडीवानाने घसा खाकरला आणि स्वतःचंच नाव पुकारलं:

“हैबती!”