हाक न मारणाऱ्यासाठी

फार वर्षं झाली. किती, ते विचारू नका. भोकरडोहात वर्षं मोजणारी माणसं कमी आणि पूर मोजणारी जास्त. चौदा मोठे पूर येऊन गेले, त्यांच्याही आधीची ही गोष्ट. नदी हीच होती, घाटही हाच होता, पूल मात्र नव्हता. अलीकडे भोकरडोह, पलीकडे पैलवाडी, आणि दोन्ही तीरांच्या मधे होडी चालवणारा गोंदाजी कोळी.

गोंदाजी फार सरळ माणूस. सांगितलेलं काम चोख करायचा, पण ते का करायचं असं कोणी विचारलं की डोकं खाजवत बसायचा. आईबाप पटकीच्या साथीत गेले तेव्हा धाकटा भाऊ नथू दोन वर्षांचा होता. गोंदाजीनं त्याला खांद्यावर बसवून होडी वल्हवली आणि लहानाचा मोठा केला. त्या ओझ्यानं गोंदाजीचा डावा खांदा जन्मभर उजव्यापेक्षा बोटभर खाली राहिला, असं म्हणतात.

त्या वेळी होडीची एक रीत होती. पुढच्या टोकाला पाटील आणि त्यांचा गोतावळा, मधे कुणबी-माळी, मागच्या टोकाला महारवाडा. मांगवाड्यातली माणसं सगळ्यांच्या शेवटी, वेगळ्या खेपेला. होडी बोलवायची तर तोंडाला हात लावून 'होऽऽ, आणा!' अशी हाक मारायची. पण मांगवाड्यातल्या माणसानं हाक मारायची नाही. त्यानं दगडावर बसून राहायचं. दुसऱ्या कोणी हाक मारून होडी आणली, तर तिच्या मागून आपली खेप मागायची. ही रीत कोणी घातली ते कोणाला माहीत नव्हतं, आणि मोडायची असते हेही कोणाला माहीत नव्हतं.

एकदा मांगवाड्यातली साळू माहेराहून परत येताना पैलतीरावर अडकली. मांडीवर तापानं फणफणलेलं लेकरू, आणि वैद्य भोकरडोहात. त्या दिवशी पैलवाडीहून कोणीच आलं नाही. गोंदाजीला ती अलीकडून दिसत होती, ठिपक्याएवढी. त्यानं दोनदा उठून पाहिलं. मग भाकर खाल्ली, जाळं विणलं. हाक आली नाही म्हणून तो गेला नाही. कलत्या उन्हाला एका वाण्यानं हाक मारली, तेव्हा होडी गेली. साळू शेवटच्या खेपेला आली. लेकरू तोवर गार पडलं होतं. तिनं लेकराला पदरात गुंडाळलं. उतरली आणि गेली.

गोंदाजीला काही उमगेना. रीतीप्रमाणे त्याचं काहीच चुकलं नव्हतं. तरी त्या दिवसापासून त्याला घास गोड लागेना.

महारवाड्यात मिशनची शाळा चालवणारे लाजरस मास्तर दर शनिवारी होडीनं पैलवाडीला जात. एका शनिवारी होडीत दोघंच होते, तेव्हा गोंदाजीनं विचारलं, "मास्तर, माझं चुकलं का वो?"

मास्तर त्याच्याकडे वळून बसले. मग म्हणाले, "आमच्या प्रभूची आज्ञा आहे, गोंदाजी. शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करावी."

"शेजारी म्हंजी सखाराम," गोंदाजी काळजीत पडला. "त्याच्यावर कशी करू? माझ्या कोंबड्या चोरतोय त्यो."

मास्तरांना हसू आवरेना. "बरं, सखारामाचं मागून बघू. तू नावाडी आहेस. पलीकडून तुला जो हाक मारील, तो तुझा शेजारी. जात विचारू नको, मान विचारू नको. त्याला आण."

एवढं मात्र गोंदाजीला कळलं. पापपुण्य, आत्मा, तारण हे सगळं त्याच्या डोक्यावरून जायचं, पण 'त्याला आण' हे कळलं. दोन वर्षं तो मास्तरांच्या प्रार्थनेला मागच्या भिंतीशी बसला, आणि मग बायकोसह, सारजाबाईसह, त्यानं बाप्तिस्मा घेतला. शिमोन असं नवं नाव मिळालं. गोंदाजी म्हटलं तरी तो ओ द्यायचा, शिमोन म्हटलं तरी द्यायचा. दोन्ही मीच का, एवढं त्यानं मास्तरांना एकदा विचारून घेतलं होतं.

पण कोळ्यानं महारांच्या पंगतीला बसून भाकर मोडली, हे भावकीला कसं रुचावं? पंच बसले. गोंदाजीला वाळीत टाकलं. "भावकीतला जो याला हाक मारील, याचं नाव जो तोंडातून काढील, तोही वाळीत." होडी काढून घेतली आणि नथूच्या ताब्यात दिली. नथूनं खाली मान घालून वल्हं उचललं. त्याची लेक उजवायची होती, सोयरीक नुकतीच जुळली होती. तो काय करणार? ज्याला खांद्यावर वाढवला तो भाऊ समोरून मुक्यानं जाऊ लागला, आणि ते गोंदाजीच्या जिव्हारी लागलं. तो मास्तरांना म्हणाला, "प्रीती कर म्हनला तुमी. केली. तर हुता त्यो भाऊ बी गेला. ह्यो हिशेब मला कळंना." मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, डाव्या.

गावाबाहेर एक मोडकं गुऱ्हाळ होतं. तिथं उसाचा रस आटवायची लोखंडी काहील बाभळीखाली उपडी पडली होती, आठ हात रुंद, गोल, एका अंगाला चिरलेली. गोंदाजीनं ती लोहाराकडून सांधून घेतली आणि ढकलत घाटावर आणली. सारजाबाईनं कपाळावर हात मारला.

"आवं, ह्यात गूळ शिजवत्यात. तुमी काय शिजवनार? नवरा?"

पण काहील तरली. नुसती तरली नाही, तर जिथं होडी पुरात टिकत नसे तिथं ही भोवऱ्यासारखी गरगरत पैलतीराला लागायची. तिची एकच खोड होती. सगळे एका अंगाला बसले की ती कलायची. जडासमोर जड, हलक्यासमोर हलका असंच बसावं लागे. आणि गोल वस्तूला पुढचं टोक कुठून येणार?

पहिल्याच पुरात पाटलांच्या आत्याबाई पैलतीरावर अडकल्या. नथूची होडी खुंट्याला बांधलेली. आत्याबाईंनी नाइलाजानं काहिलीला हाक मारली. आत पाय ठेवून त्यांनी विचारलं, "गोंदा, पुढं कुठंय रे?"

गोंदाजीनं काहिलीला एक फेरा मारला. सगळीकडून पाहिलं. खरंच विचारात पडला. "सापडंना, आत्याबाई. पुढं हाय का न्हाई तेच कळंना. तुमी बसा, मंग बघू."

आत्याबाई अंगानं भारदस्त होत्या. त्यांच्या वजनाला तोड म्हणून समोर मांगवाड्यातली दोन माणसं आणि एक बकरी बसवावी लागली. आत्याबाईंनी आधी पदर नाकाला लावला. मधल्या धारेत काहील फिरू लागली तेव्हा त्याच समोरच्या माणसांना म्हणाल्या, "अरे बाबांनो, हलू नका रे, जीव तुमच्या हातात हाय माझा!" त्या दिवसापासून पुराच्या दिवसांत पाटीलवाडा आणि मांगवाडा गुडघ्याला गुडघा लावून नदी ओलांडू लागला. गोंदाजीनं हे ठरवून केलं असं लोक आता म्हणतात. त्यानं काहीच ठरवलं नव्हतं. तो अजून पुढचं टोक शोधत होता.

मग तो ज्येष्ठातला पूर आला.

दुपारी पाणी एकाएकी चढलं. खुंट्याची होडी सुटायला लागली, तिला वाचवायला नथू उडी मारून आत शिरला, आणि होडी त्याच्यासकट धारेला लागली. नदीच्या मधोमध हत्तीखडक आहे, त्यावर आपटून तिचे दोन तुकडे झाले. नथू खडकाला बिलगला. पाणी त्याच्या पोटरीला होतं, बघता बघता गुडघ्याला आलं.

घाटावर सगळी भावकी जमली. काहील तिथंच होती, गोंदाजी तिथंच होता. नथूनं एक हाक मारायची होती. पण पंच काठावर उभे होते, आणि हाक मारली की लेकीची सोयरीक मोडलीच. नथूनं मोठ्या भावाकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

गोंदाजी वल्हं हातात धरून उभा. पलीकडून हाक मारील त्याला आण, ही आज्ञा. नथू पलीकडे नव्हता, अलीकडेही नव्हता, मधेच होता. आणि हाक तर मारतच नव्हता. मास्तर मिशनच्या गावी गेलेले, विचारायचं कोणाला? "प्रभू, हाक येऊ दे," तो पुटपुटत राहिला. "एकडाव येऊ दे. मी आलोच." पाणी नथूच्या मांडीला लागलं.

तेव्हा गर्दीच्या मागून साळू पुढं आली. त्या दिवसापासून ती गोंदाजीशी एक शब्द बोलली नव्हती.

"कशाची वाट बघतुयास, बाबा?"

"हाक न्हाई आली, साळू."

"माझी तरी कुठं आली हुती?" साळू म्हणाली. "मला हाक मारायची बंदी, त्येला बी हाक मारायची बंदी. ज्येला हाक मारता येतीया त्येला कुनी बी आनील रं. ज्येला येत न्हाई त्येनं कुनाकडं बघायचं?"

गोंदाजीच्या हातून वल्हं गळून पडलं, असं म्हणतात. साळूनंच ते उचललं आणि त्याच्या हातात दिलं. "चल. एकल्याच्या वजनानं उलटंल ती. मी बसते समोर."

जिचं लेकरू त्याच्या वाट बघण्यापायी गेलं, ती बाई त्याच्या समोर काहिलीत बसली. दोघं धारेत शिरले. काहील अशी फिरली की काठावरच्या बायकांनी डोळे झाकून घेतले. गोंदाजीला आता दिशाही कळेना. तेव्हा त्यानं छातीतलं सगळं बळ काढून स्वतःच हाक मारली. वाळीत टाकलेल्याला कोणी हाक मारायची नव्हती. वाळीत टाकलेल्यानं मारायची नाही, असं पंच कुठं म्हणाले होते?

"नथूऽऽ! आलो रंऽऽ!"

ती हाक नदीच्या गाजेवरून पैलवाडीच्या डोंगरापर्यंत गेली आणि परत आली. आणि गरगरणारी काहील हत्तीखडकापाशी येऊन चुलीवर ठेवल्यासारखी स्थिर राहिली. पाणी दोन्ही अंगांनी धावत होतं, काहील तसूभर हलत नव्हती. नथू आत उतरला. कुठं बसावं ते त्याला कळेना. साळूनं सरकून जागा केली. तिघं तीन अंगांना बसले, गुडघे जुळले, आणि काहील काठाकडे निघाली.

काठावर पंच तयारच होते. नथूनं हाक मारली नव्हती, नाव घेतलं नव्हतं, एक शब्द बोलला नव्हता. तो अगदी सुटला होता. पण पाय वाळूला लागले आणि नथूनं गोंदाजीच्या त्या उतरत्या खांद्यावर डोकं टेकलं. मग सगळ्या गावासमोर त्यानं हंबरडा फोडला, "दादाऽऽ!"

आता ही हाक झाली की नाही? नाव तर घेतलं नव्हतं. पंच तीन दिवस वाद घालत बसले. चौथ्या दिवशी नवरदेवाकडची मंडळी नदीवर आली. पूर ओसरला नव्हता, गावात दुसरी होडी उरली नव्हती. वऱ्हाड काहिलीत बसलं, वरबाप साळूच्या समोर, आणि लग्न लागलं. पंचांचा निकाल अजून यायचाय, असं भोकरडोहातले कोळी हसत सांगतात.

गोंदाजी पुढे फार म्हातारा झाला. एका पावसाळी सकाळी दाट धुक्यात तो घाटावर बसला होता. एकाएकी कान टवकारून उठला. सारजाबाई म्हणाली, "कुनी बी हाक मारली न्हाई." तो म्हणाला, "म्हनूनच जातो." काहील धुक्यात शिरली. सात दिवसांनी ती हत्तीखडकापाशी सापडली. नदी दुथडी वाहत होती, वर पाऊस कोसळत होता, आणि काहिलीच्या तळाला पाण्याचा थेंब नव्हता. गोंदाजी कोणाला आणायला गेला, ते कोणालाच उमगलं नाही.

ती काहील आज मिशनच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, अंगणात आहे. कापणीच्या सणाला ख्रिस्ती मंडळी तिच्याभोवती गोल बसून भाकर मोडतात. गावातलं कोणीही येऊन बसतं. नवा माणूस हमखास विचारतो, "वरची जागा कुठली?" मग सगळे काहिलीभोवती एक फेरा मारतात, वाकून वाकून शोधतात, आणि म्हणतात, "सापडंना. बसा, मग बघू."

नदीवर आता पूल झालाय. तरी रोज दिवेलागणीला नथूच्या घराण्यातलं कोणीतरी घाटावर जातं. ते घर अजून कोळ्यांच्याच देवांना मानतं, त्यांना कोणी बाटवलं नाही. त्या घरातला माणूस तोंडाला हात लावतो आणि रिकाम्या पैलतीराकडे तीनदा हाक मारतो, "हाय का रं कुनी? आलो रंऽऽ!"

उत्तर येत नाही. उत्तर येणार नाही हे त्यालाही ठाऊक असतं. तरी तो तिथल्या दगडावर भाकर खाण्याएवढा वेळ बसून राहतो, एकदा नीट पलीकडे पाहतो, आणि मगच घरी जेवायला जातो.